लिंबाखालचा व्यायाम

हॅलो?… हॅलो, सुचित्राताई का?… हां, मीच. मीच मिस कॉल देत हुते सकाळपासून… सविता. सविता बोलतीय… अवो शिबिरातली. दिवाळीच्या आधी तुमी नगरवरून आल्त्या न्हाई का आमच्या वस्तीवरच्या शाळेत, ऊसतोडीच्या बायांच्या कंबरेसाठी… तो चिनी व्यायाम शिकवला, झाड कवेत धरल्यावानी उभं राह्यचं… व्हय व्हय, तीच. उंच. पयल्या रांगेतली.

मोठ्यानं न्हाई बोलता येनार ताई. आतल्या खोलीत हाय, कडी घातलीय… न्हाई, मारहान न्हाई. आजून तरी न्हाई… ऐका ना, लई घोटाळा झालाय. मला काई सुचंना.

भ्या वाटतंय ताई. लई भ्या वाटतंय.

हां… हां. सांगते. दमानं सांगते.

तुमी शिकवल्यापासून मी व्यायाम सोडला न्हाई. पार तोडीला गेलो तरी पाचटाच्या कोपीम्होरं उजाडायच्या आत उभी राह्यचे. बाया हसायच्या. म्हनायच्या, सविता झोपेतच उठून उभी राहिली… अवो फायदा झाला ना! लई झाला. पयलं मला भिंत धरल्याबिगर उठता येत नव्हतं. मोळी डोक्यावर घेतली की कंबरेत सुरी खुपसल्यावानी व्हायचं. ह्या साली सगळ्यांबरोबर मोळ्या वाहिल्या, पन आडवं पडायची पाळी आली न्हाई. आनि झोप! पयलं रातच्याला छातीत धडधडायचं, उठून बसायचे, ते गेलं. श्वास पार बेंबीपर्यंत जातोय, तुमी म्हनायच्या तसा. पाय भुईत रोवल्यावानी वाटत्यात. सासूबाई सोता म्हनल्या, सविता, हल्ली तू भांडी आपटीत न्हाईस…

न्हाई न्हाई, तुमी कशाला माफी मागता? व्यायामाला नावं न्हाई ठेवत मी. भलंच केलं त्यानं माझं. ती थरथर नडली.

थरथर वो. हात म्होरं धरून जरा येळ झाला की मांड्या हलत्यात, मंग सगळं अंगच हलाया लागतं… ते माहिती हाय मला. स्नायू जागे होत्यात, अडवायचं न्हाई, होऊ द्यायचं. मी होऊ दिलं ना! मंगळवारी सकाळी म्हागल्या अंगनात लिंबाखाली उभी हुते. डोईवरून न्हाले हुते, केस मोकळे. डोळे मिटल्याले. दोन्ही हात म्होरं. आनि लागलं अंग हलायला… आता तुमीच बगा. मंगळवार, कडूलिंबाचं झाड, मोकळे केस, घुमल्यावानी अंग. बगनाऱ्याला काय वाटंल?

व्हय… व्हय, तेच. अंगात आलं म्हनले. सहादेव आबानं बघितलं, आमच्या भावकीतलं म्हातारं हाय. मी डोळे उघडते तर आबा माझ्या म्होरं पालथं पडलेलं. "आई आली, आई आली"…

सांगितलं की! तितंच सांगितलं. म्हनलं, आबा, व्यायाम हाय वो, कंबरेचा, नगरच्या ताईंनी शिकवलाय. तर आबा म्हनतं, देवी अशीच बोलती, वळख देत न्हाई. दुपारपर्यंत दारात हळदीकुंकवाची ताटं. नारळाचा ढीग. आमच्या सासूबाई, लंकाबाई, ज्यांनी मला कधी 'बस' म्हनलं न्हाई, त्या माझ्या पायावर पानी घालाया लागल्या. मला कसंनुसं झालं, ताई.

ठाम? ठाम बी सांगितलं. बुधवारी वराडले मी. म्हनले माझ्या अंगात कुनी न्हाई, मी निस्ती सविता हाय. त्यावर काय म्हनले ठावं हाय?… देवी नसंल तर मंग बाहेरचं हाय… अवो बाहेरचं म्हंजे भूत! देवी न्हाई तर भूत. तिसरं काई असतंच न्हाई त्यांच्याकडं. पलीकडच्या गावातला देवऋषी आनतो म्हनले. तो नाकाखाली मिरच्यांची धुरी देतो. लहानपनी माझ्या मावशीला देताना बघितलंय मी. बाई चार दिस डोळे उघडीत नव्हती… मंग गप बसले. भ्याले म्हनून गप बसले. आनि गप बसले म्हंजे हो म्हनल्यासारखंच झालं की.

मालक? मालक न्हाईत घरी. टेम्पोत कांदा घेऊन सुरतेला गेल्यात. फोन लागंना.

ताई, ऐका… अवो ऐका ना! नारळाचं, हळदीचं मी काढलं असतं चार दिस. आपोआप थंड झाले असते. आज येगळंच झालंय. म्हनून तर फोन केला.

लेकरू हाय. माझ्या धाकट्या दीराचं, कल्यानचं. गोरक्षनाथ नाव, आमी गोरखू म्हनतो. आजून नीट बोलत बी न्हाई, 'काकी'ला 'काती' म्हनतो, एवढं लहान. त्याला परवापास्नं ताप हाय. आज सकाळी आनलं माझ्या म्होरं. दवाखान्यात न्हाई ताई, माझ्या म्होरं आनलं! लिंबाखाली चवाळं टाकून निजवलंय. कल्यान म्हनतो, देवी घरातच हाय तर डागदर कशाला.

थांबा, खिडकीतनं बगते… दूध? न्हाई, सकाळपासून तोंडात धरीना, आश्विनी म्हनत हुती. आश्विनी म्हंजे त्याची आई… श्वास लई बारीक बारीक घेतोय. भरभर… छाती? थांबा… व्हय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दर श्वासाला. आत वढल्यावानी… कन्हतोय. आवाज हितपर्यंत येतोय… ओठ मला हितनं दिसंनात, ताई. काळपट वाटत्यात. सावली असंल… काय? काय म्हनल्या?

निमोनिया?

आत्ताच्या आत्ता? तासभर बी न्हाई थांबायचं?… अरं देवा. ताई, असं नका ना बोलू.

१०८ला तुमी लावा. दुसऱ्या फोनवरून लावा, हा बंद करू नका, पाया पडते. पन ती गाडी यायला किती येळ लागंल, रस्ता बघितलाय तुमी… कल्यानची पिकप दारातच उभी हाय. चावी त्याच्या खिशात हाय. मी म्हनलं त्याला, सकाळीच म्हनलं, भावजी, न्हे त्याला तालुक्याला. तर आबानं मधीच तोंड घातलं. म्हनलं, ही सविता बोलतीय, देवी न्हाई. देवी उभी राहील, घुमंल, तवा जे बोलंल ते खरं… व्हय ताई. सवितानं सांगितल्यालं कुनी ऐकत न्हाई. मी नुसती बोलले की ती सून असती, उभी राहून हलले की देवी.

आनि एवढंच न्हाई. पुष्पावतीकाकू हाय त्यात.

आमची चुलत सासू. एकटीच हाय, मूलबाळ न्हाई, वस्तीच्या टोकाला राहती. परवा तिनं गोरखूच्या हातावर शेंगदाना-गूळ ठेवला. रोजच ठेवती वो! पन त्याच रातीला ताप चढला. झालं. आता म्हनत्यात हिनंच केलं. तिला धरून आनलीय. उनात उभी केलीय, अंगनाच्या मधोमध. पाय भाजत असत्याल तिचे, चप्पल बी न्हाई घालू दिली.

कशापायी म्हंजे? आबानं ठरवलंय. मी लिंबाखाली उभी राह्यचं, हात म्होरं धरायचे. अंग हलाया लागलं की हात ज्याच्याकडं वळत्याल, त्यानं केलं. देवी बोट दाखवंल म्हनत्यात. आनि पुष्पावतीकाकूला बरोबर माझ्या हातांसमोर उभी केलीय, ताई! मी हात म्होरं धरले की ती तितंच हाय. मला कुनीकडं वळायची गरजच न्हाई.

व्हय… व्हय, ते गुन्ह्याचं हाय, मला माहिती हाय. कायदा हाय. पोलीस येत्याल, पंचनामा करत्याल, सगळं करत्याल, पन कवा? बाहेर पन्नास-साठ मानूस हाय. कल्यानच्या हातात दांडकं हाय. तो तसा वाईट न्हाई वो, पन लेकरू डोळ्यांम्होरं तडफडतंय त्याचं. त्याला आत्ता कुनाला तरी मारायचंय.

मी आंघोळ करून येते म्हनले. देवीला सोवळं लागतं म्हनून सोडलं त्यांनी. म्हनून हितं उभी हाय… आंघोळ कसली करते. मोरीतला नळ सोडून ठेवलाय नुसता.

उभीच राहनार न्हाई, असं कसं म्हनू? न्हाई उभी राहिले तर देवी रुसली. मंग देवी रुसली ती पुष्पावतीमुळंच. सगळ्या वाटा तिच्याकडंच जात्यात, ताई. न्हाईतर माझ्याकडं. म्हंजे भूत, आनि मंग देवऋषी, आनि त्या धुरीच्या नादात लेकरू तितंच मरंल.

स्पीकरवर? तुमी बोलनार त्यांच्याशी?… न्हाई ऐकनार. तुमचं नाव घेतलं की आबा म्हनतो, त्या नगरच्या बाईला काय ठावं, तिनं व्यायाम शिकवला, पन येनारी आली.

आले वो आबा! आले! केस वाळवतीय!… ताई, दार वाजवत्यात. ऐकलं का?

काय करू?… काय करू, सांगा ना.

हां… गुडघे सैल… व्हय, सोडले. खांदे… न्हाई जात वो खाली. श्वास न्हाई जात… हां. परत. तोंड मिटून… हां… आला. जरा आला पोटात… पाय थरथरायला लागले ताई. ही तुमची थरथर न्हाई, ही भ्याची हाय. दोन्ही सारख्याच दिसत असत्याल बाहेरून, न्हाई का?… ऱ्हाऊ द्या. हलू द्या. अडवीत न्हाई.

थांबा.

थांबा, ताई. एक डोक्यात आलंय… त्यांना कुनाचं तरी नाव पायजे. नाव मिळाल्याबिगर कल्यान गाडीची चावी काढनार न्हाई. बरोबर ना? आनि मी पुष्पावतीचं घेनार न्हाई. दुसऱ्या कुनाचं बी घेनार न्हाई… मंग एकच उरतंय… न्हाई, सांगत बसत न्हाई. तुमी नको म्हनताल. फोन चालू ठेवा. मी पदराखाली कमरेला खोचते. तुमी बोलू नका काई, आवाज गेला बाहेर तर मी मेले.

हात म्हागं बांधते. कुनाकडं वळायलाच नकोत.

कडी काढतीय…

…

सरका. सरका, वाट द्या… कुनी शिवू नका मला.

ए कल्यान! हिकडं बघ. खाली न्हाई, माझ्या तोंडाकडं बघ!… सहादेवा, तू गप. तुला इचारलं का मी?… हात कशाला बघतोस माझे? म्हागं हायती, म्हागंच राहत्याल. बोट दाखवायला मी काय तुझी नोकर हाय?… त्या बाईला सावलीत न्या. सावलीत न्या म्हनते! तिनं काई केलं न्हाई. कुनीच काई केलं न्हाई… मी धरलंय पोराला. मी! ऐकू आलं का? तापलेलं लेकरू माझ्या दारात उघड्यावर निजवता? माझ्या नावानं? म्हनून धरलं!… सोडीन. दवाखान्यात न्हेलं तरच सोडीन. डागदरानं सुई टोचली, नळी लावली की सोडीन. त्याच्या आधी न्हाई… नारळ ठेव खाली. नारळ नको, गाडी काढ! आश्विनी, उचल त्याला. रडू नको, उचल. उभं धर, खांद्यावर. फडकी काढ अंगावरची, येवढी कशाला गुंडाळलीत?… लंके, हो बाजूला. तुझा अंगारा नको त्याच्या तोंडात. काढ! बोट घालून काढ!… कल्यान, काय बघतोस? जा! जा म्हनते!

…

…ताई? हायता का?… आत आले. कडी लावली. थांबा, बसते खाली…

गेली. गाडी गेली. आवाज ऐकला ना तुमी? व्हय, आश्विनी म्होरं बसली पोराला घेऊन. तुमी फोन करा ताई तालुक्याच्या दवाखान्यात. सांगा येतंय म्हनून, म्हंजे तितं कुनी कागद काढा, रांगेत बसा म्हननार न्हाई… केला? तुमच्या ह्यांनी केला? लई उपकार झाले.

पुष्पावतीकाकू… दिसतीय की हितनं. सावलीत बसलीय. कुनी हात लावला न्हाई… न्हाई ताई, मी हात हलवला खिडकीतनं, तिनं मान खाली घातली. हात जोडून बसलीय. तिला बी खरं वाटलं.

आबाला अरेतुरे केलं मी. सासूला 'लंके' म्हनले. जीभ कशी वळली माझी, कुनास ठाऊक. सासूबाईंनी घाबरून पोराच्या तोंडातला अंगारा बोटानं काढला. का मलाच तसं वाटलं?… मला तितं कायबी दिसत नव्हतं ताई. नुसता गोरखूचा श्वास ऐकू येत हुता.

शान्यावानी केलं म्हनता? काय शान्यावानी… अवो, तुमच्या ध्यानात आलं का मी काय बोलले? मी धरलंय म्हनले. सगळ्या वस्तीदेखत. लेकराला मी धरलंय. आता त्याला काई झालं तर पुष्पावतीचं नाव कुनी काढनार न्हाई, बरोबर हाय. माझं काढत्याल.

कल्यान गाडीत बसायच्या आधी माघारी आला हुता, ताई. तुमाला ऐकू आलं नसंल, हळू बोलला. हात जोडलेले हुते त्याचे, पन दात आवळलेले. म्हनला, "सोड माझ्या पोराला. न्हाई सोडलंस तर मी बी तुला सोडनार न्हाई."… आता हे तो देवीला म्हनला का मला?

सांगा ना, ताई. देवीला का मला?

…

हां… हां, न्हाई रडत. न्हाई… निघून येऊ? कुठं येऊ? नगरला, तुमच्याकडं? अवो, दारात बसल्यात सगळे. मी गेले तर देवी पळाली म्हंत्याल. आनि कल्यान तितं दवाखान्यात हाय, त्याला फोन गेला की तो पोराला उचलून माघारी आनील. सलाईन तोडून आनील, म्हनील आता काय उपेग. न्हाई ताई. पोरगं तितं हाय तवर मला हितंच राह्यला पायजे.

काय वो आबा?… काय?… आत्ता?… ताई, एक मिनिट…

…

ताई, आबा काय म्हनतंय ऐकलं का? म्हनतंय, देवीनं शबूद दिलाय पोराला सोडायचा. मंग शबूद पुरा होईस्तोवर देवीनं उभं राह्यचं. लिंबाखाली. हात म्होरं धरून. दवाखान्यातनं सांगावा येईस्तोवर… बायांनी पाट मांडलाय म्हने. दिवा लावलाय.

न्हाई कसं म्हनू? आत्ताच तर वराडून आले मी देवी हाय म्हनून.

किती येळ, कुनाला ठाऊक. गाडी पोचायची, डागदर बगायचा, पोराला गुन यायचा… संध्याकाळ व्हईल. उद्या बी उजाडंल… तुमी शिकवताना पयल्याच दिशी काय म्हनला हुता, आठवतंय? हा जबरदस्तीचा व्यायाम न्हाई. थकलं की हात खाली घ्यायचे, बसायचं, पानी प्यायचं. कुनी बघत नसतं, कुनी मोजत नसतं. मला तेच लई आवडलं हुतं, ताई. दिसभर कुनीतरी सांगतं ऊठ, बस, उचल, वाह. तेवढा एक येळ माझा हुता. आता हात खाली घेतले की बाहेरची म्हंत्याल, देवीनं शबूद मोडला.

व्हय… व्हय, माकडहाड खाली, मान वर… ध्यानात हाय.

फोन? न्हाई, फोन हितंच पेटीत ठेवते. देवीच्या हातात मोबाईल कसा चालंल?… दवाखान्यातलं कळलं की सासूबाईंच्या फोनवर लावा. लिहून घ्या, शेवटी चार-चार-सात… हां, तोच, शिबिराच्या टायमाला मी तोच दिल्ता. चांगलं असलं तर लगेच लावा. आनि चांगलं नसलं…

चांगलं नसलं तर बी लावा. पन आधी पुष्पावतीकाकूच्या घराकडं पोलीस पाठवा, भडकले की परत तिच्याकडं बी वळत्याल. मंग लावा.

माझ्याकडं? माझ्याकडं बी पाठवा की वो. पाठवा. मला काय मरायची हौस हाय?

आले, आबा! आले!…

ठेवते, ताई.